ठरलेला चंद्र आणि दिसलेला चंद्र: आपल्या सणांच्या दिनदर्शिकेच्या कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२४, रविवार

काम आज सुरू केलं. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरांसाठी मराठीत भिंतीवरची दिनदर्शिका करायची आहे. त्यात शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायातले सगळे सण येतील, त्यांच्याबरोबर पुरीमसारखे नंतरचे पण, आणि प्रत्येक सणापुढे तीन रकाने. पहिला "ठरलेला", म्हणजे हिशोबाने जो दिवस निघतो आणि जवळपास सगळं यहुदी जग पाळतं तो. दुसरा "दिसलेला", म्हणजे अमावस्येनंतरची पहिली कोर डोळ्याने दिसली त्या संध्याकाळपासून महिना मोजला तर सण कधी येईल ते. तिसरा "तिथी", आपलं नेहमीचं पंचांग. यंदाचं हिब्रू ५७८५ साल नुसतं शीटमध्ये भरायचं, वर्षभर पडताळायचं, आणि छापायचं ते पुढच्या सालाचं.

तिसरा रकाना कशाला असं काकाने विचारलं म्हणून इथे लिहून ठेवते. आजीला हिब्रू महिने धड सांगता यायचे नाहीत, पण पेसाह, मिसरातून सुटकेचा सण, म्हणजे चैत्राची पौर्णिमा आणि नव्याचा सण म्हणजे घट बसतात त्या सुमाराला, कधी गणपतीच्या सुमाराला, हे तिचं पक्कं होतं. कोकणात आपले लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली नाव पडलं, आणि कोचीनकडचे शिक्षक येऊन नीट शिकवेपर्यंत आपल्या सणांची नावंसुद्धा मराठीच होती, नव्याचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे सगळं लिहून ठेवलं म्हणून आज आपल्या हातात आहे. ही नावं चौकटीत मोठ्या अक्षरात छापायची आणि हिब्रू नाव त्याच्याखाली, यावर मी ठाम आहे.

१५ सप्टेंबर २०२४

आज हिशोबाचा दिवस. तयार साईटवरून तारखा उचलता आल्या असत्या पण मला आतलं यंत्र बघायचं होतं, आणि बघितल्यावर खरंच मन भरून आलं, कारण एवढ्या जुन्या काळी माणसांनी बोटांवर आणि तोंडी करता येईल असं गणित बसवलंय.

एका तासाचे १०८० भाग करायचे, एका भागाला हेलेक म्हणतात, म्हणजे ३ सेकंद आणि वर एक तृतीयांश. एका चांद्रमहिन्याची लांबी २९ दिवस १२ तास ७९३ हेलेक धरायची. पहिल्या वर्षाचा मोलाद, म्हणजे अमावस्येचा सरासरी क्षण, सोमवारी ५ तास २०४ हेलेक, आणि तास मोजायचे आदल्या संध्याकाळी ६ पासून. मग तिथून पुढे नुसती बेरीज. ५७८५ च्या तिश्रीपर्यंत, म्हणजे नव्याच्या सणाच्या महिन्यापर्यंत, ७१५३९ महिने होतात, गुणून आठवड्याने भागलं की उत्तर येतं गुरुवार, ९ तास ३९१ हेलेक, म्हणजे ३ ऑक्टोबरच्या पहाटे ३ वाजून २१ मिनिटं आणि १३ हेलेक.

आता गंमत अशी की आकाशातली खरी अमावस्या यंदा २ ऑक्टोबरला रात्री होतेय, यरुशलेमच्या स्थानिक वेळेने ९ वाजून १० मिनिटांच्या आसपास. हिशोबाचा मोलाद त्याच्यानंतर सहा तासांनी. हा दोष नाही, मोलाद म्हणजे सरासरी. चंद्र पृथ्वीपासून लांब असला की हळू चालतो, जवळ आला की पळतो, आणि सूर्याचंही तसंच थोडं, त्यामुळे खरी अमावस्या सरासरीच्या पुढेमागे होत राहते. आपलं पंचांग खऱ्या चंद्राची जागा धरतं, सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली, आणि सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची. दोन्ही चंद्राचीच मापं, पण मोजायची रीत वेगळी. निसानचा, म्हणजे पेसाहच्या महिन्याचा, मोलाद पण काढून ठेवला, शनिवार २९ मार्च सकाळी ७ वाजून ४६ मिनिटं आणि १ हेलेक. खरी अमावस्या त्या दिवशी यरुशलेमच्या वेळेने दुपारी सव्वा वाजता आहे. म्हणजे तिश्रीत मोलाद सहा तास उशिरा आणि निसानमध्ये साडेपाच तास आधी!

२२ सप्टेंबर २०२४

मोलाद निघाला म्हणजे तारीख निघाली असं नाही, वर चार नियम आहेत. रोश हशाना, म्हणजे नव्याचा सण, रविवारी, बुधवारी, शुक्रवारी येऊ द्यायचा नाही. बुधवारी किंवा शुक्रवारी आला तर किप्पूर, म्हणजे दारफळणीचा सण, शनिवारच्या शब्बाथला चिकटतो, सलग दोन दिवस चूल नाही, प्रेतसंस्कार नाही, आणि रविवारी आला तर सुक्कोतमधला, म्हणजे मंडपाच्या सणातला, सातवा दिवस होशाना रब्बा शनिवारी येतो. दुसरा नियम दुपारचा, मोलाद भर बारा वाजता किंवा नंतर असेल तर सण पुढच्या दिवशी. बाकीचे दोन क्वचित लागतात, वर्षाची लांबी वेडीवाकडी होऊ नये म्हणून आहेत. हेश्वान आणि किस्लेव या दोन महिन्यांचे दिवस कमीजास्त करून वर्ष ३५३, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं करतात, अधिक महिना असला की ३८३ ते ३८५. यंदा गुरुवार, बारा वाजायच्या कितीतरी आधी, म्हणून काहीच सरकवायला नको, ३ ऑक्टोबर. साईटवर टाकून बघितलं, बरोबर तीच तारीख.

चौकटीचं काम मात्र अडकलंय. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि कॅलेंडरची चौकट मध्यरात्री. दर सणाला ग्रुपवर तोच प्रश्न येतो की दिवे २ ला लावायचे की ३ ला. चौकट तिरकी कापून आदल्या दिवसाचा खालचा कोपरा निळा करावा असं मनात आहे. प्रेसवाले दादा म्हणाले फिक्का निळा त्या कागदावर मळकट दिसेल, गडद घ्या आणि अक्षर पांढरं ठेवा. नमुना काढून देतो म्हणाले.

६ ऑक्टोबर २०२४

सणात आणि शब्बाथला लिहीत नाही म्हणून तीन दिवसांचं आज एकदम.

नव्याचा सण अलिबागला काकाकडे केला. २ तारखेलाच पोचलो कारण सणात गाडी नाही, आणि काकाच्या घरून मागेन आबोथ सिनेगॉगही चालत आणि समुद्रही चालत. काकूने चिकाचा हलवा आधीच करून ठेवला होता, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध, ढवळून ढवळून हात दुखेपर्यंत. ३ तारखेला गावात घटस्थापना, सिनेगॉगमध्ये शोफार, म्हणजे शिंग, दोन्ही एकाच सकाळी.

३ च्या संध्याकाळी वाळूवर उभे राहिलो. अमावस्येला जेमतेम १८ तास झालेले, चंद्र सूर्यापासून आठेक अंशांवर, सूर्यामागोमाग वीसेक मिनिटांत तोही बुडणार. क्षितिजावर पावसाळ्याचा उरलेला धुरकट पट्टा होता पण तो नसता तरी काही दिसलं नसतं, मला आधीच माहीत होतं, तरी गेलेच. ४ ला परत गेलो, शब्बाथचे दिवे लावून. शुक्र ठळक दिसत होता आणि त्याच्या खाली, पट्ट्याच्या जरा वर, कोर. भाच्याने पहिल्यांदा बघितली, काकाला बराच वेळ सापडेना, मग शुक्रापासून खाली बोट सरकवत सरकवत दाखवली.

म्हणजे दिसलेल्या रकान्यात १ तिश्री = ५ ऑक्टोबर. ठरलेल्या रकान्यात ३ ऑक्टोबर. दोन दिवसांचा फरक! शरदात असं होतंच, या दिवसांत संध्याकाळी चंद्राची वाट क्षितिजाला कलून असते, त्यामुळे सूर्यापासून लांब गेला तरी उंच चढत नाही, आणि त्यात यंदा अमावस्येलाच चंद्र पृथ्वीपासून सर्वात लांब होता. त्याच अमावस्येला चिली आणि अर्जेंटिनात कंकणाकृती सूर्यग्रहण दिसलं, चंद्र लांब म्हणून लहान, सूर्य पूर्ण झाकला नाही, म्हणून कंकण. एकाच कारणाने तिकडे कंकण आणि इकडे कोर उशिरा.

१३ ऑक्टोबर २०२४

किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी, काल शनिवारी. ठाण्याच्या बाजारात झेंडूचे ढीग, आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांत सिनेगॉगमध्ये दिवसभर. जुनी माणसं या दिवशी दार लावून घरात बसायची, बाहेरच्या कोणाला शिवायची नाहीत. तिश्रीची १० आणि आश्विनाची १०, दोन्ही चंद्र एकाच अमावस्येपासून मोजलेले.

२० ऑक्टोबर २०२४

सुक्कोत चालू आहे. आज एक गोष्ट नीट कळली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

खरी पौर्णिमा १७ ला संध्याकाळी पाच वाजता झाली. ठरलेल्या रकान्यातली १५ तिश्री १६ च्या सूर्यास्तापासून १७ च्या सूर्यास्तापर्यंत, म्हणजे पौर्णिमा बरोबर आत. दिसलेल्या रकान्यातली १५ तिश्री काल, १९ ला, तेव्हा चंद्र उतरायला लागून दोन दिवस झालेले. म्हणजे कोर बघून महिना धरणाऱ्यांचा सण पौर्णिमेला नाही, पौर्णिमा उलटल्यावर पडतो, निदान यंदा. मी आजपर्यंत ऐकत आले की कोर म्हणजे खरं आणि हिशोब म्हणजे नंतरच्यांनी केलेली सोय. आकाश तसं सरळ सांगत नाहीये. कोरीने महिन्याचं तोंड बरोबर धरता येतं, हिशोबाने महिन्याचं पोट. शास्त्रात दोन्हीला मान आहे, स्तोत्रात शोफार नव्या चंद्राला फुंका म्हटलंय आणि मंडपाचा सण पंधराव्या दिवशी सांगितलाय.

८ डिसेंबर २०२४

मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमग्रंथातला रोश हशानाचा भाग वाचतेय, दुसरा अध्याय परत परत वाचला. यरुशलेममध्ये बेथ याझेक नावाचं मोठं अंगण होतं, तिथे चंद्र बघितलेले साक्षीदार यायचे आणि त्यांना भरपूर जेवण द्यायचे, का तर पुढच्या वेळी पण यावंसं वाटावं. साक्षीदारांच्या जोडीला एकेक करून विचारायचे, चंद्र सूर्याच्या पुढे होता की मागे, उत्तरेला की दक्षिणेला, किती उंच, टोकं कुठे वळलेली. सभेचा प्रमुख रब्बान गम्लिएल याच्या माडीवर भिंतीला चंद्राच्या आकारांची पाटी टांगलेली होती, ती दाखवून विचारायचे असा की असा. निसान आणि तिश्री या दोन महिन्यांच्या साक्षीसाठी शब्बाथला प्रवास करायलासुद्धा मोकळीक होती, एवढं ते मोलाचं.

मग बातमी पोचवायची कशी. जैतुनाच्या डोंगरावर लांब काठ्यांना देवदाराची लाकडं बांधून पेटवायचे आणि हलवत राहायचे, पलीकडच्या डोंगरावरचा तसंच करेपर्यंत, असं डोंगर ते डोंगर थेट बाबेलच्या दिशेने. पुढे शोमरोनी लोकांनी चुकीच्या रात्री आगी लावून घोळ केला म्हणून माणसं पाठवायला लागले, आणि माणसं जिथे वेळेत पोचत नसत तिथल्या लोकांनी सण दोन दिवस पाळायचा. आपण हिंदुस्थानात पेसाहचा सेदेर, म्हणजे सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, दोन रात्री करतो आणि इस्राएलमधल्या दिमोनाची मावशी एकच रात्र करते, त्याचं मूळ त्या डोंगरांवरच्या आगीत आहे.

आणि यहोशुआची गोष्ट. दोघांनी साक्ष दिली की चंद्र दिसला, पण दुसऱ्या रात्री कोणालाच दिसेना, तरी गम्लिएलने साक्ष मान्य केली. रब्बी यहोशुआला पटलं नाही. तेव्हा गम्लिएलने निरोप धाडला की तुझ्या हिशोबाने जो किप्पूर येतो त्या दिवशी काठी आणि पैशाची थैली घेऊन माझ्याकडे ये. यहोशुआ अतिशय दुःखी झाला, पण अकिवाने समजावलं की सण तुम्ही जाहीर कराल तेव्हाच, वेळेवर असो नसो, आणि तो काठी नि थैली घेऊन याव्नेला, गम्लिएलच्या गावी, गेला. गम्लिएल उठून उभा राहिला, त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं, आणि त्याला आपला गुरू आणि आपला शिष्य म्हणून आत बोलावलं. ज्ञानात गुरू, आणि ऐकलं म्हणून शिष्य. मी हे वाचताना रडले. काकाला फोन करून वाचून दाखवलं.

हिशोबाचं पंचांग पुढे हिल्लेल दुसरा याने सन ३५८ च्या सुमाराला खुलं केलं असं परंपरा सांगते. वाद त्यानंतरही संपले नाहीत. ९२१ साली पॅलेस्टाईनच्या यहुदींचा पुढारी बेन मेईर याने म्हटलं की दुपारच्या नियमाची हद्द बाराला नाही, त्याच्यापुढे ६४२ हेलेकवर आहे, साधारण पस्तीस मिनिटं. बाबेलच्या यहुदींच्या बाजूने विद्वान सादिया गाऊन उभा राहिला. ९२२ साली एका गटाने पेसाह रविवारी केला आणि दुसऱ्याने मंगळवारी. पस्तीस मिनिटांवरून! शेवटी बाबेलचंच चाललं.

५ जानेवारी २०२५

अधिक महिन्याचा तक्ता केला. यंदा नव्याचा सण घटस्थापनेला आला पण दर वर्षी तसं होत नाही, आणि मावशीचा हाच प्रश्न होता की मग तुझी तिथी जुळते की नाही जुळते.

जुळते, पण सरकते. दोन्ही पंचांगं चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षात बसवतात, दोन्हीत १९ वर्षांत सात महिने जास्तीचे लागतात, फक्त जास्तीचा महिना कुठे घालायचा ते वेगळं. आपल्याकडे ज्या चांद्रमहिन्यात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक, मग तो श्रावण असेल, ज्येष्ठ असेल. हिब्रूत तो नेहमी अदारच, आणि १९ वर्षांच्या फेऱ्यात कोणती वर्षं ते ठरलेलं, ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९. म्हणून २०२३ ला अधिक श्रावण लागला, हिब्रूने आपला अधिक अदार २०२४ मध्ये घेतला, आणि मधल्या काळात हिब्रू महिने एक घर मागे चालत होते. २०२३ चा रोश हशाना १६ सप्टेंबरला होता, गणपती १९ ला. २०२० ला तर अधिक आश्विन १८ सप्टेंबरला सुरू झाला आणि नव्याचा सण दुसऱ्याच दिवशी. पुढचं पण काढलं, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्या वर्षी रोश हशाना १२ सप्टेंबर आणि गणपती १४ ला, परत मागे.

पेसाह मात्र बहुतेक वेळा चैत्र पौर्णिमेलाच पडतो. २०२३ ला ६ एप्रिल, २०२४ ला २३ एप्रिल, दोन्ही वर्षी हनुमान जयंती त्याच दिवशी. आजीचं खरं होतं. पण २०१३ ला नाही, तेव्हा पेसाह मार्चच्या शेवटी, होळीला लागून आला होता, आपला अधिक भाद्रपद २०१२ मध्येच होऊन गेला होता आणि हिब्रूचा २०१४ पर्यंत यायचा होता.

पूर्वी हा अधिक महिना पण डोळ्याने बघूनच ठरवायचे, जव कणसात आले का, फळं धरली का, दिवसरात्र समान व्हायला किती वेळ आहे. कारण आज्ञा आहे की पेसाह आवीवच्या महिन्यात, हिरव्या जवाच्या. कराईट लोक, म्हणजे रब्बींची परंपरा न मानता फक्त शास्त्र मानणारे यहुदी, ज्यांचं मोठं केंद्र आज इस्राएलमध्ये रामले शहरात आहे, अजून कोर बघून महिना धरतात, आणि त्यांच्यातले काही जवही शोधतात. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, तरी मी त्यांच्याप्रमाणे पाळणार नाही. हिशोबातही हळूहळू फरक पडतोय हे खरं आहे, हिब्रू वर्षाची सरासरी खऱ्या वर्षापेक्षा किंचित मोठी आहे, दोनशेहून जरा जास्त वर्षांत एक दिवस, म्हणजे पेसाह फार सावकाश उन्हाळ्याकडे सरकतोय. दुरुस्ती करायला आज सगळ्यांना मान्य असेल अशी सभा नाही.

१३ फेब्रुवारी २०२५

तू बिशवात, झाडांचा सण. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या जागेवर जाऊन आलो. खडकावरच्या घोड्याच्या टापा बघितल्या, मलिदा केला, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. माघ पौर्णिमा काल होती, शेवातची १५ आज. एका दिवसाचा फरक, तिथी रकान्यात भरला.

१४ मार्च २०२५

पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी. शब्बाथच्या आत एवढंच लिहितेय, जुन्या लोकांनी पुरीमला होळीचा सण का म्हटलं ते कॅलेंडरकडे बघितलं तरी कळतं.

३० मार्च २०२५, रविवार

आज अलिबागला. या एका संध्याकाळसाठी मी वर्षभर थांबले होते.

सकाळी घरोघरी गुढ्या, गुढीपाडवा. हिब्रू पंचांगात आज रोश होदेश निसान, निसानचा पहिला दिवस, म्हणजे ज्या महिन्याबद्दल मिसरात मोशेला सांगितलं की हा तुमचा पहिला महिना तो. आणि संध्याकाळी किनाऱ्यावर बघते तर गर्दी, रमजानचा २९वा रोजा, ईदचा चंद्र बघायला बरीच कुटुंबं आलेली. एका आजोबांनी विचारलं तुम्ही कशासाठी, मी सांगितलं आमचाही महिना याच चंद्राने सुरू होतो, ते म्हणाले मग नजर तुमची चांगली असेल, इथे उभं राहा.

सूर्य पावणेसातनंतर बुडाला. वेगळंच आकाश होतं, ऑक्टोबरसारखं नाही. या वेळी चंद्र पृथ्वीच्या जवळ, म्हणून भरभर पुढे गेलेला, अमावस्येला फक्त २६ तास झाले तरी सूर्यापासून पंधराएक अंश लांब, आणि वसंतात संध्याकाळी त्याची वाट क्षितिजावर जवळपास उभी असते, त्यामुळे जेवढा लांब तेवढा उंच. सातच्या जरा पुढे कुलाबा किल्ल्याच्या उजव्या अंगाला, आकाश अजून पिवळट असताना, कोर उमटली. होडीसारखी आडवी, दोन्ही टोकं वर, केसाइतकी बारीक पण स्वच्छ. ज्या पोराने आधी बघितली तो ओरडला आणि सगळ्या किनाऱ्यावर एकच गलका झाला. काकाने बराखा, आशीर्वादाची प्रार्थना, म्हटला, बाजूला दुआ चालू होती.

अलिबागच्या कोरीने खरं तर काही ठरत नाही, नियमाने साक्ष इस्राएल देशातली लागते. म्हणून मावशीला सांगून ठेवलं होतं. त्यांचा सूर्यास्त आपल्यानंतर अडीच तासांनी, पावणेदहाला तिचा मेसेज आला, दिसला, आणि मागोमाग गच्चीवरून काढलेला फोटो.

दिसलेल्या रकान्यात १ निसान = ३१ मार्च. ठरलेल्यात ३० मार्च. या वेळी फरक एकाच दिवसाचा. तिश्रीत दोन, निसानमध्ये एक, आणि दोन्हीची कारणं आता माझ्याजवळ आहेत.

१५ एप्रिल २०२५

पेसाहचे पहिले दोन दिवस झाले. यंदा निसानची १४ शनिवारी आली, हे क्वचित होतं आणि कामाची फार ओढाताण होते. खमिराचं सगळं शुक्रवारीच जाळून संपवायचं, शनिवारचं जेवण तेवढं जपून उरकायचं, आणि सेदेरची तयारी शब्बाथ बाहेर पडल्याशिवाय हातात घ्यायची नाही. आईने खजुराचा पाक आणि किसमिसचं शरबत गुरुवारीच करून ठेवलं. चुना, कल्हई हे आजीच्या वेळचं, आता भांडीच स्टीलची. आठ दिवस तांदळाच्या भाकऱ्या आहेतच.

पण नोंद करायची ती वेगळी. ठरलेला सेदेर १२ च्या रात्री, आणि खरी पौर्णिमा १३ ला पहाटे ५ वाजून ५२ मिनिटांनी, म्हणजे त्याच रात्रीच्या शेवटी. मार्चच्या मोलादमध्ये साडेपाच तासांचा फरक असूनसुद्धा रात्र बरोबर धरली. आणि दिसलेल्या रकान्याने सेदेरची रात्र येते १३ ची. १३ च्या रात्री आम्ही काय करत होतो? दुसरा सेदेर! इस्राएलबाहेरचे म्हणून जो दुसरा दिवस आपण पाळतो, नेमका तोच दिसलेल्या चंद्राचा पहिला दिवस. ज्यांच्यापर्यंत निरोप पोचत नव्हता त्यांच्यासाठी ठेवलेला दिवस यंदा कोरीची रात्रही सांभाळून गेला. जेवताना मी हे सगळ्यांना सांगितलं, भाच्याने विचारलं मग नव्याच्या सणाला का नाही झालं तसं, त्यालाही नीट उत्तर दिलं, तिथे कोर दोन दिवस मागे होती, आपले दोन दिवस ३ आणि ४, ती गेली ५ वर.

४ ऑगस्ट २०२५

काल आव महिन्याची ९, यरुशलेमचं मंदिर पडल्याचा उपास. संध्याकाळी बिरडं, वालाला मोड आणून सोललेले, बिरड्याचा सण नाव त्यावरूनच. तिन्ही रकाने भरले. शीट आता जवळजवळ पूर्ण.

१० सप्टेंबर २०२५

छपाईची प्रत पक्की करायचा आठवडा. परवाच्या रविवारी चंद्रग्रहण होतं, एलुल महिन्याच्या १५व्या रात्री, रात्री ११ पासून मध्यरात्र उलटून गेल्यावरही चंद्र पूर्ण तांबडा. पडताळणीला यापेक्षा चांगलं काही नाही, ग्रहण पौर्णिमेच्या क्षणाशिवाय लागतच नाही, आणि ते ठरलेल्या रकान्याच्या बरोबर पंधराव्या रात्रीत बसलं.

आणि ५७८६ च्या नव्याच्या सणाचा मोलाद. सोमवार २२ सप्टेंबर, दुपारी १२ वाजून १० मिनिटं आणि ७ हेलेक. दुपारच्या हद्दीपुढे फक्त १८७ हेलेक! तेवढ्याने सण मंगळवारी, २३ ला गेला, आणि चालू वर्ष ३५५ दिवसांचं झालं. घटस्थापना २२ लाच आहे, गेल्या वर्षी दोन्ही एका दिवशी होते, यंदा दहा मिनिटांनी वेगळे झाले. बेन मेईरची हद्द धरली असती तर १८७ हे ६४२ च्या आतच, म्हणजे त्याच्या नियमाने यंदाचा रोश हशाना सोमवारी आला असता. ९२१ मधला वाद आपल्या पुढच्याच सणावर असा जिवंत सापडेल असं वाटलं नव्हतं, काकाला लगेच कळवलं, तो म्हणाला हे छाप, लोकांना कळू दे.

खरी अमावस्या २२ च्या पहाटे दीडच्या आत आहे, त्यामुळे २२ च्या संध्याकाळी कोर दिसणार नाही, २३ ला दिसायला हवी, म्हणजे दिसलेला रकाना २४. हा रकाना छापताना मात्र "अंदाज" असं लिहायचं, कारण दिसण्याआधी दिसला म्हणता येत नाही, आणि बाजूला रिकामी जागा सोडायची, ज्यांना हवं त्यांनी जाऊन बघून स्वतः तारीख भरावी. काहीजण म्हणाले दुसरा रकाना काढून टाक, लोक गोंधळतील, सण कधी करायचा ते विचारतील. म्हणून प्रत्येक पानाच्या वर ठळक ओळ टाकली आहे की सण ठरलेल्या तारखेलाच, सिनेगॉगबरोबर. सगळ्यांनी एका दिवशी बसावं म्हणून यहोशुआ काठी घेऊन चालत गेला, त्याच्यापुढे माझ्या रकान्याची काय किंमत. पण रकाना राहणार.

निळ्या कोपऱ्याचा नमुना प्रेसमधून आला, गडद निळ्यावर पांढरं अक्षर, चांगलं दिसतंय. हेश्वानच्या पानावर एका चौकटीत कोपरा उलट्या बाजूला गेलाय, तेवढं दादांना कळवलं. शनिवार सोडून कधीही फोन करा म्हणाले, रविवारी प्रूफ बघायला जाते.